प्रस्तावना : कादंबरीकार आणि नाटककार विश्राम बेडेकर

कादंबरी आणि नाटक हे दोन्ही साहित्यप्रकार सारख्याच अधिकाराने हाताळणारे लेखक मराठीत थोडे आहेत. मामा वरेरकर, जयवंत दळवी, श्याम मनोहर अशी काही नावे घेतली की यादी लवकरच विरळ होऊ लागते. या थोड्यांतही विश्राम बेडेकर (1906–1998) यांचे स्थान वेगळे पडते. कारण त्यांची कीर्ती एका छोटेखानी कादंबरीवर उभी राहिली आणि त्या कीर्तीच्या सावलीत त्यांची नाटके, त्यांच्या पटकथा आणि काही प्रमाणात त्यांचे आत्मचरित्रही झाकले गेले. ‘रणांगण’चा कर्ता एवढीच त्यांची ओळख वाङ्मयेतिहासाने कायम केली आहे. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. आणि अपुरी असल्यामुळे खुद्द ‘रणांगण’ही अर्धवटच वाचले जाते, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. बेडेकरांची नाटके, पटकथा आणि कादंबरी एकत्र ठेवून पाहिली तर त्यांच्या मुळाशी एकच रचना पुन्हा पुन्हा आढळते : एकमेकांना सोडू न शकणारी दोन माणसे एका बंदिस्त जागी आणून ठेवायची आणि त्यांच्या मध्ये काळाला उभे करायचे.

विश्राम चिंतामण बेडेकर यांचा जन्म 13 ऑगस्ट 1906 रोजी अमरावतीला झाला. त्या काळी वऱ्हाड आणि नागपूर यांचा मिळून मध्यप्रांत-वऱ्हाड असा एकच कारभार होता. त्यामुळे आजच्या भंडारा जिल्ह्यातील वाचकाला अमरावती पश्चिमेकडे बरीच दूर वाटली, तरी बेडेकरांच्या बालपणी ती त्याच प्रांतात होती. पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहारात पुढे स्थिरावलेल्या या लेखकाला विदर्भाने आपला म्हणून फारसे मिरवलेले नाही, आणि त्यांच्या लेखनात वऱ्हाडी बोलीचा किंवा वऱ्हाडी मातीचा ठसा शोधणाऱ्याच्या हातीही फारसे काही लागत नाही. तरीही प्रांताच्या कडेला वाढलेल्या माणसाला मध्यवर्ती जगाकडे थोडे अंतर राखून पाहण्याची सवय लागते, आणि बेडेकरांच्या गद्यातील अलिप्तपणाचा काही भाग या सवयीने समजावून घेता येतो. हे अर्थात अनुमान आहे, पुरावा नव्हे.

बेडेकर साहित्यात आले ते रंगभूमीच्या दाराने. 1933 साली दीनानाथ मंगेशकर यांच्या बलवंत संगीत मंडळीने त्यांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. अहल्येच्या पुराणकथेवर बेतलेले हे संगीत नाटक होते. संगीत नाटक म्हणजे ज्यात गद्य संवादांच्या जोडीने पात्रे स्वतःच पदे गातात, जिथे प्रेक्षक कथेइतकाच गायनासाठीही येतो आणि एकेका पदाला ‘वन्समोअर’ मिळत रात्र सरते, तो नाट्यप्रकार. पण ‘ब्रह्मकुमारी’ आले तेव्हा या प्रकाराची घडी विस्कटू लागली होती. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने मराठी पडद्याला वाचा दिली होती आणि ज्या गावांत नाटक मंडळ्यांचे मुक्काम महिना-महिना पडत, त्या गावांतील प्रेक्षक कमी पैशांत अधिक झगमगाट पाहू लागला होता. बलवंत संगीत मंडळीने यावर जो उपाय शोधला तो धाडसाचा होता आणि अखेर महागात पडला. मंडळीने स्वतःच बलवंत पिक्चर्स ही चित्रपट संस्था काढली. तिच्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ (1934) या चित्रपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांनी मिळून केले. अशा रीतीने तिशी गाठण्यापूर्वीच बेडेकरांनी एक कला मावळताना आणि दुसरी उगवताना, दोन्हींच्या आतून पाहिली. पुढच्या लेखनात त्यांची वाक्ये जी आखूड झाली, वर्णन जे जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रसंग जे एकमेकांवर कापून जोडल्यासारखे येऊ लागले, त्याचे एक कारण या अनुभवात आहे.

संगीत नाटकाचा हा उतार वाचताना पूर्व विदर्भातील वाचकाला एक गोष्ट सहज जाणवेल. पुण्या-मुंबईत जो प्रकार बोलपटाने मागे सारला, त्याच्या कित्येक सवयी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत आजही चालत्या आहेत. धान कापून झाले, दिवाळी सरली, गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागली की मंडप पडतात, वडसा येथे मुक्कामाला असलेल्या नाटक कंपन्या गावागावांचे प्रयोग घेऊ लागतात, रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन आणि तबला मांडला जातो, आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडतो. नट मंचावर उभा राहून गातो आणि समोरचा प्रेक्षक त्याला दाद देऊन पुन्हा गायला लावतो. ‘ब्रह्मकुमारी’च्या काळातील प्रेक्षागृह कसे असेल, याची कल्पना करण्यासाठी झाडीपट्टीतील माणसाला ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. मात्र नाटककार म्हणून बेडेकर ज्या दिशेने निघून गेले, ती या परंपरेच्या अगदी उलट होती. त्यांनी गाणे सोडले, रात्रभराचा विस्तार सोडला आणि संवाद तेवढा ठेवला.

1938 साली बेडेकरांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ (1933) आणि ‘हिंदोळ्यावर’ (1934) ही पुस्तके लिहून ज्यांनी मराठी मध्यमवर्गाची झोप उडवली होती, त्या याच. विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या सरकारी वसाहतीत काम करताना आलेल्या अनुभवांतून त्यांनी पुढे ‘बळी’ (1950) ही कादंबरी लिहिली. एकाच घरात दोन स्वतंत्र प्रतिभेचे लेखक असणे ही मराठीत विरळाच घडणारी गोष्ट आहे. आणि कुंपणाआड ठेवलेल्या माणसांविषयीची आस्था ‘बळी’त जशी आहे तशीच ‘रणांगण’मध्येही आहे, हे दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले आणि परतीच्या बोटीवर त्यांना जर्मनी सोडून निघालेले ज्यू निर्वासित भेटले. ‘रणांगण’चे बीज तेथे पडले. हा प्रवास कोणत्या काळात झाला ते ध्यानात घेतल्याशिवाय कादंबरीचे वजन कळत नाही. 1935 च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे निर्वासितांच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेत जमलेल्या बहुतेक राष्ट्रांनी सहानुभूती बोलून दाखवली आणि दारे मात्र उघडली नाहीत. नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्रीत जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडली गेली, सभास्थाने जाळली गेली आणि हजारो पुरुषांना छळछावण्यांत नेण्यात आले. अशा वेळी व्हिसावाचून, म्हणजे त्या देशाच्या प्रवेशपत्रावाचून, उतरता येईल असे जगाच्या पाठीवर जे एक मोठे बंदर उरले होते ते शांघाय. जेनोआ आणि त्रिएस्ते या इटलीतील बंदरांतून निघणाऱ्या लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या बोटी सुएझ कालव्यातून मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असे थांबे घेत शांघायला जात, आणि त्यांतून हजारो ज्यू कुटुंबे पूर्वेकडे गेली. मुंबईचा धक्का या माणसांना डेकवरून दिसे. पण तो त्यांच्यासाठी नव्हता. मे 1939 मध्ये तर ‘सेंट लुई’ या बोटीतील नऊशेहून अधिक निर्वासितांना क्यूबाने आणि नंतर अमेरिकेनेही उतरू दिले नाही, आणि बोट युरोपला परत गेली.

त्याच 1939 साली ‘रणांगण’ प्रसिद्ध झाले. (विश्वास पाटील यांच्या पानिपतविषयक ‘रणांगण’ या नाटकाशी त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही, ग्रंथालयांच्या याद्यांत हा घोटाळा सहज होऊ शकतो.) कथा थोडक्यात सांगता येते. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण युरोपातून मायदेशी परतत आहे. उमा या मुलीवरचे त्याचे पूर्वीचे प्रेम फसले आहे आणि त्या कडवटपणातून त्याने स्त्रीजातीविषयी एक सोयीस्कर निबरपणा अंगी बाणवला आहे. बोटीवर त्याला हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटते. खेळ म्हणून सुरू झालेली ओळख थोड्याच दिवसांत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. मुंबई येते, चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. बोट पुढे निघते, हॅर्टाची पत्रे मागे येत राहतात, आणि शेवटी ती समुद्रात जीव देते.

एवढ्या कथेत तत्कालीन मराठी कादंबरीच्या वाचकाला चटका लावणारे बरेच काही सापडले असते. पण त्याला सवयीचे जे होते ते येथे नव्हते. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी प्रेमाला रेखीव चढउतार आणि प्रसन्न नेपथ्य दिले होते, तर वि. स. खांडेकर यांनी त्याला ध्येयवादाची जोड देऊन अलंकारांनी नटवले होते. बेडेकरांच्या बोटीवर नेपथ्य म्हणून डेक, केबिन आणि जेवणाची टेबले आहेत, ध्येयवाद कुणालाच परवडत नाही, आणि अलंकाराला जागा म्हणून सापडत नाही. चक्रधर स्वतःच्या तोंडून आपली गोष्ट सांगतो, परंतु स्वतःला झुकते माप देत नाही. येथे निवेदनाची एक युक्ती जवळून पाहण्याजोगी आहे. बोटीवरच्या दिवसांत हॅर्टा आपल्याला चक्रधरच्या डोळ्यांनी दिसते, म्हणजे त्याच्या संशयातून, त्याच्या इच्छेतून आणि त्याच्या भित्रेपणातून. तो उतरल्यानंतर मात्र तिची पत्रे सुरू होतात, आणि जिच्याविषयी इतका वेळ बोलले जात होते ती स्वतः बोलू लागते. तेव्हा तिला ऐकणारा माणूस जमिनीवर सुरक्षित आहे आणि ती पाण्यावर आहे, दोघांमधले अंतर प्रत्येक बंदरागणिक वाढत आहे, आणि पत्र हाती पडेपर्यंत ते लिहिणारीची स्थिती बदललेली असणार हे वाचकाला ठाऊक आहे. नाटकात एका पात्राचे बोलणे संपवून दुसऱ्याच्या हाती प्रवेश सोपवावा, तसा हा हस्तांतराचा क्षण आहे. कादंबरी लिहिणाऱ्यामध्ये नाटककार जागा होता, म्हणूनच हे घडू शकले.

चक्रधरच्या वागण्यावरून मराठी समीक्षेने त्याला नायक म्हणावे की नाही याची चर्चा केली आहे. ती चर्चा फारशी फलदायी नाही. अधिक महत्त्वाचे हे की कादंबरीतील क्रौर्य कुणा एका दुष्ट माणसाच्या अंगी दाखवलेले नाही. ते पासपोर्टात, बंदरावरच्या नियमांत आणि वेळापत्रकात आहे. हिटलर बोटीवर कुठेच नाही, तरी प्रत्येक टेबलावर तो बसलेला आहे.

जवाहरनगरमध्ये बसून ‘रणांगण’ वाचणाऱ्याला या अदृश्य युद्धाचा अर्थ वेगळ्या बाजूनेही लागू शकतो. भंडारा जिल्ह्यातील ही वसाहत 1960 च्या दशकात आयुध निर्माणीभोवती उभी राहिली. 1962 च्या चीन युद्धाने संरक्षण उत्पादन वाढवण्याची निकड पटवून दिली होती, त्याच काळातला हा कारखाना. येथे तोफगोळ्यांना आणि काडतुसांना वेग देणारी प्रणोदक द्रव्ये, म्हणजे गोळा नळीतून बाहेर फेकणारी दारू, आणि स्फोटके तयार होतात. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे धानशेतीच्या मुलखात क्वार्टरमध्ये एकमेकांच्या शेजारी राहतात. सीमा येथून शेकडो कोस दूर असते. 24 जानेवारी 2025 रोजी या निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, तेव्हा देशात युद्ध चालू नव्हते. रणांगण नकाशावर जेथे दाखवलेले असते तेथेच असते असे नाही, ही बेडेकरांच्या कादंबरीतील जाणीव अशा गावाला परकी वाटण्याचे कारण नाही.

युद्धाच्या सावलीत कादंबरी आणि नाटक असे दोन्ही लिहिणारा लेखक म्हणून बेडेकरांशेजारी ठेवून पाहावा असा एक समकालीन युरोपात होता. त्रिएस्ते बंदरापासून आग्नेयेला एड्रियाटिक समुद्राच्या काठाने उतरत जाणाऱ्या क्रोएशियाचा मिरोस्लाव क्रलेझा (1893–1981) हा तो लेखक. झाग्रेबच्या एका धनाढ्य घराण्याचा एका रात्रीत होणारा विनाश दाखवणारे ‘ग्लेंबाय’ हे नाटक त्याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस लिहिले. आणि ‘रणांगण’च्या आदल्याच वर्षी, 1938 साली, विवेकाच्या कडेवर उभ्या राहिलेल्या माणसाविषयीची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एक प्रतिष्ठित वकील मेजवानीच्या टेबलावर, आपण चार माणसांना गोळ्या घातल्याची फुशारकी मारणाऱ्या यजमानाला ‘हा गुन्हा आहे’ एवढेच म्हणतो, आणि त्या एका उद्गारापायी सारे सभ्य जग त्याच्यावर तुटून पडते. क्रलेझाचा माणूस एकटा आणि समोर समाजाचा जमाव अशी ही मांडणी आहे. त्याच्या वाक्यांचा ओघही त्याला साजेसा, लांबलचक आणि उपरोधाने भरलेला आहे. बेडेकरांकडे जमाव नाही, दोघेच आहेत, आणि भाषा कोरडी ठक्क आहे. मोठ्या सत्तांच्या अमलाखाली वाढलेले हे दोन लेखक एकाच काळाचे घाव दोन वेगळ्या रीतींनी नोंदवत होते, आणि त्यांना एकमेकांची गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते.

‘रणांगण’नंतर बेडेकरांकडून कादंबऱ्यांची मालिका येईल अशी अपेक्षा कुणी केली असल्यास ती फळली नाही, ते पुन्हा चित्रपटाकडे वळले. ही त्यांच्या प्रतिभेची हानी होती असा एक रूढ सूर आहे, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही, कारण पटकथा हे असे लेखन आहे की जे यशस्वी झाले की नाहीसे होते. प्रेक्षकाला चित्र आठवते, लिहिणारा आठवत नाही. तरीही व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘शेजारी’ (1941) या चित्रपटाची बेडेकरांची कथा त्यांच्या वाङ्मयातून वगळणे अन्यायाचे होईल. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध स्नेही शेजारी राहतात. धरण बांधण्यासाठी जमीन हवी असलेला कंत्राटदार दोघांत वितुष्ट आणतो. आणि धरण फुटते तेव्हा ते दोघे पुन्हा एकत्र येतात, पण मरणात. चित्रपटाच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मुसलमान नटाला हिंदूची आणि हिंदू नटाला मुसलमानाची भूमिका दिली होती, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यापेक्षा लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की बोटीऐवजी येथे दोन अंगणे आहेत, पासपोर्टाऐवजी जमिनीचा सौदा आहे, आणि मधे येणारी शक्ती पुन्हा एकदा कुणा व्यक्तीच्या द्वेषाहून मोठी आहे. ‘रणांगण’ आणि ‘शेजारी’ यांमध्ये अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे.

‘अमर भूपाळी’ (1951) या शाहीर होनाजीवरच्या चित्रपटाच्या लेखनातील त्यांचा वाटा, किंवा सुरैया यांच्या गायनामुळे आणि सज्जाद हुसेन यांच्या संगीतामुळे स्मरणात राहिलेल्या ‘रुस्तम सोहराब’ (1963) या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शन, यांचा येथे उल्लेख पुरेसा आहे. साठच्या दशकात ‘नरो वा कुंजरो वा’ (1961) आणि ‘वाजे पाऊल आपुले’ (1967) ही नाटके आली. दुसरे खुसखुशीत विनोदी नाटक आहे आणि ‘रणांगण’चा कर्ता प्रेक्षकाला हसवूही शकत होता याचा तो पुरावा; त्याहून अधिक भार त्याच्यावर टाकू नये.

भार पेलणारे नाटक म्हणजे 1980 सालचे ‘टिळक आणि आगरकर’. विषय सर्वपरिचित आहे आणि म्हणूनच कठीण आहे. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, 1881 साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, आणि कोल्हापूर प्रकरणात दिवाण बर्वे यांच्या अब्रूनुकसानीबद्दल 1882 साली या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या प्रश्नावर पुढे दोघे फाटले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून 1888 साली ‘सुधारक’ काढला, टिळक 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आणि 1895 साली आगरकर चाळिशीच्या आतच वारले. हा वाद महाराष्ट्रात आजवर संपलेला नाही. सभा, अग्रलेख आणि शालेय वक्तृत्वस्पर्धा यांनी त्याला इतके गुळगुळीत करून टाकले आहे की दोन्ही बाजूंची वाक्ये कुणाच्याही तोंडी तयार असतात. अशा विषयावर नाटक लिहिताना दोन धोके असतात : एकाला न्याय देण्यासाठी दुसऱ्याला लहान करणे, किंवा दोघांना समान गुण देऊन मोकळे होणे. बेडेकर या दोन्हींतून वाटते त्याहून पुष्कळ अधिक सुटतात, कारण त्यांना वादापेक्षा मैत्रीत रस आहे. तुरुंगाची कोठडी ही त्यांच्या आवडीची बंदिस्त जागा इतिहासाने आयतीच पुरवली. आणि ज्या कोठडीत दोन मित्र सर्वाधिक जवळ आले तेथेच त्यांच्या विचारांतील भेगही दिसू लागली, हे त्यांनी ओळखले. तुरुंगातील दिवसांवर आगरकरांनी स्वतः पुस्तक लिहिले आणि नंतर ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला या नाटकात आणखी एक थर जाणवतो.

सत्तरी ओलांडल्यानंतर लिहिलेल्या या नाटकापाठोपाठ 1984 साली ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र आले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. उपनिषदातील एका प्रसिद्ध रूपकावर हे नाव बेतलेले आहे. एकाच झाडावर दोन पक्षी बसलेले असतात, त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. भोगणारा आणि पाहणारा हे दोघे ज्याच्या अंगी एकत्र नांदतात, अशा माणसाची ही कथा आहे. आणि चक्रधर-हॅर्टा, जिवबा-मिर्झा, टिळक-आगरकर यांच्यानंतर लेखकाने दोघांची ही मांडणी अखेर स्वतःवरच लागू करून पाहिली. नाटक मंडळीतील दिवस, बोलपटाचे प्रारंभीचे दिवस, पैशाची ओढाताण, इंग्लंडचा प्रवास आणि संसार हे सारे त्यात आहे, आणि संसाराविषयी तर ते इतके उघडे आहे की त्या पिढीच्या मराठी आत्मचरित्रांत तसा उघडेपणा क्वचितच सापडतो. ज्या वाचकाने ‘रणांगण’मधील चक्रधरचा आत्मतिरस्कार ताणलेला मानला असेल, त्याने हे पुस्तक वाचून आपले मत पुन्हा तपासावे.

1981 साली प्रस्थापित साहित्य संमेलनाला पर्याय म्हणून मुंबईत भरलेल्या समांतर संमेलनाचे अध्यक्षपद मालती बेडेकर यांनी भूषवले होते. 1986 साली मुंबईतच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष विश्राम बेडेकर होते. बेडेकर 1998 साली वारले, मालतीबाई 2001 साली. नव्या वाचकाने ‘रणांगण’पासून सुरुवात करण्यास हरकत नाही, परंतु तेथे थांबू नये, कादंबरीनंतर लगेच ‘टिळक आणि आगरकर’ हाती घ्यावे आणि आत्मचरित्र शेवटी. या क्रमाने वाचल्यास बोटीच्या डेकवरील संवाद नाटककाराने लिहिलेले आहेत आणि कोठडीतील मौन कादंबरीकाराने, हे पानोपानी पडताळून पाहता येते.